घोड्याचं सगळं डावीकडून

घोड्याची छाती एक्स-रेच्या एका प्लेटमध्ये मावत नाही. चार फोटो घ्यावे लागतात. वरचा मागचा, वरचा पुढचा, खालचा मागचा, खालचा पुढचा. मग ते चारही शेजारी शेजारी लावायचे, की एक छाती तयार होते. चारही फोटो भरल्या श्वासात घ्यावे लागतात. फुप्फुस रिकामं असताना घेतला तर निरोगी घोडासुद्धा आजारी दिसतो.

फोटोताई हे काम सव्वीस वर्षं करत होती. त्याआधी ती माणसांच्या इस्पितळात होती. तिथे "श्वास घ्या, धरा" म्हटलं की माणसं धरत. घोडा कुणाचं ऐकून श्वास धरत नाही. म्हणून ती अंगावर शिसाचा एप्रन चढवून त्याच्या बरगड्यांकडे बघत उभी राहायची. बरगड्या वर आल्या, थांबल्या, की बटण. नव्या माणसाला तीन-तीनदा घ्यावा लागे. तिचा पहिल्या फटक्यात यायचा.

"ताई, तुम्हाला घोड्याच्या मनातलं कळतं का?" कुणीतरी विचारलं होतं.

"मनातलं नाही बाबा. पोटातलं कळतं. मनातलं तर नवऱ्याचंही कळलं नाही अजून."

नवरा घरी असायचा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि डोळे गेले. पूर्ण नाही, पण अक्षर दिसेनासं झालं. आता तो खिडकीशी बसून रेडिओ ऐकायचा आणि निवेदकांच्या चुका काढायचा. घर दोन खोल्यांचं. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. संध्याकाळी ती आली की तो तोंड न वळवता म्हणायचा, "आज कुठं पेंड खाल्ली घोड्यानं?" ती म्हणायची, "तुझ्या डोक्यात." मग चहा व्हायचा.

दवाखाना तबेल्यांच्या रांगेला लागून होता. लांब, बुटकी इमारत. जमिनीवर जाड रबर, मधोमध लोखंडी पाइपांचा अरुंद पिंजरा. घोडा त्यात उभा करायचा. भिंतीला एक पडदा लावलेला, दुर्बीण आत गेली की त्याच्यावर आतलं दिसायचं. दुर्बीण म्हणजे बोटभर जाडीची लांब काळी नळी, टोकाला दिवा. नाकपुडीतून आत जायची. घसा, श्वासनलिका, आणि कानाच्या मागे दोन बाजूंना असलेल्या हवेच्या पिशव्या. माणसाला त्या नसतात. घोड्याला असतात, आणि दोन्हींच्या छतातून मेंदूकडे जाणारी मोठी शीर जाते. पिशवी आतून पातळ, ओलसर, फिकट गुलाबी. शीर त्यातून उडताना दिसते.

दुर्बीण डॉक्टर घालायचे. पडद्यावरचं जपून ठेवायचं काम फोटोताईचं. डॉक्टर चाळिशीचे, हात हलका, बोलणं कमी. ताई त्यांच्याआधीपासून होत्या हे ते विसरत नसत.

शेवटच्या तबेल्यातला मोतद्दार रोज दुपारी दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसे. साठी ओलांडलेला. एकटा. तबेल्याच्या वरच्या मजल्यावर एका खोलीत राहायचा. खाली घोडी, वर तो. एवढाच त्याचा संसार. घोडी काळपट, कपाळावर काही नाही, पायावर काही नाही. कधी खिंकाळायची नाही म्हणून तिला मुकी म्हणायचे.

"बायको केली असती तर एवढी सेवा केली असती का हो दादा?" ताई त्याला चिडवायची.

"बायको एवढी गप्प बसली असती का?" तो म्हणायचा.

त्या दिवशी तो पायरीवर बसला नाही. उभाच राहिला.

"ताई, पाण्याच्या बादलीत रक्त आहे."

"किती?"

"तीन थेंब. चार म्हणा. उजव्या नाकपुडीतून."

"आपटली का कुठे?"

"मी असताना?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने पुढे विचारलं नाही.

दुपारी मुकीला आणलं. इंजेक्शन दिलं, तिची मान खाली आली. ती हलू नये म्हणून मोतद्दाराने वरच्या ओठाला दोरीचा फास धरला. डॉक्टर डावीकडे उभे राहिले.

घोड्याचं सगळं डावीकडून असतं. डावीकडून जवळ जायचं, डावीकडून लगाम चढवायचा, डावीकडून वर बसायचं, डाव्या हाताला ठेवून चालायचं. घोड्यालाही तेच माहीत असतं. उजवीकडून कुणी आलं की तो कान मागे घेतो. डॉक्टरही नेहमी डावीकडून सुरुवात करत. शेकडो घोडे तसेच तपासलेले. रक्त उजवीकडून आलं होतं हे मोतद्दाराने सांगितलं होतं. डॉक्टरांनी मान हलवली होती. आणि नळी डाव्या नाकपुडीत घातली होती.

डावी पिशवी सहज उघडली. आत सगळं स्वच्छ. शीर उडत होती. ताईने फोटो घेतला. भिंतीवर एका जागी नखाने ओढल्यासारखी बारीक पांढरी रेघ होती. जुनं काहीतरी.

"स्वच्छ," डॉक्टर म्हणाले.

मग ते उजवीकडे गेले. तोवर इंजेक्शन उतरत आलं होतं. नळी टोचली तशी मुकीने मान झटकली. पुन्हा घातली. तिने पुढचे पाय उचलले, पिंजरा वाजला, नळी पाइपात सापडता सापडता वाचली.

"हां हां हां, बाई माझी," मोतद्दार म्हणाला.

डॉक्टरांचा फोन वाजत होता. बाहेर मालकाची गाडी उभी होती. मालकाला कागद हवा होता, घोडी पुढच्या आठवड्यात शर्यतीत पळवायची होती.

"राहू दे," डॉक्टर म्हणाले. "उजवी उद्या बघू, दुसरं इंजेक्शन देऊन. ताई, कागद तेवढा देऊन टाका."

"उजवीचं काय लिहू?"

ते हात धूत होते. फोन खांद्यात धरलेला. "द्या हो काढून," ते म्हणाले. तिला म्हणाले की फोनवरच्या माणसाला, ते तिला तेव्हा कळलं नाही, नंतरही कळलं नाही.

कॉम्प्युटरमधला फॉर्म हट्टी होता. त्यात दोन चौकटी. डावी, उजवी. एक जरी रिकामी असली तरी कागद छापून येत नसे. असं याआधी दोनदा झालं होतं. दोन्ही वेळा ताईने डावीचा फोटो उचलून, आडवा उलटा करून उजवीच्या चौकटीत लावला होता. उलटा केला की डावी पिशवी हुबेहूब उजवी दिसते. दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी खरा फोटो घेऊन तिने तो बदलला होता. कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

तिने तिसऱ्यांदा तसं केलं. खाली छापून आलं: दोन्ही पिशव्या स्वच्छ. डॉक्टरांनी उभ्या उभ्या सही केली. मालक गेला.

दुसऱ्या दिवशी मुकी आली नाही. ताईने तबेल्यात फोन लावला.

"ट्रेनर म्हणतो, कागद आलाय ना स्वच्छ? मग घोडीला पुन्हा कशाला छळायचं," मोतद्दार म्हणाला. "खरंच गरज आहे का ताई? तुम्ही सांगा. मी भांडतो त्याच्याशी."

डॉक्टर अचानक बाहेरगावी गेले होते, परवा यायचे होते. ट्रेनरला खरं सांगायचं तर कागदाचं सांगावं लागलं असतं.

"परवा आणा," ती म्हणाली. "सावकाश."

"मग ठीक."

परवा उजाडला. दुपारी दोनच्या सुमाराला शेवटच्या तबेल्यातून आरडाओरडा आला. ताई एप्रन अंगात असतानाच धावली. एप्रन जड असतो. ती पोचली तेव्हा मुकी आडवी होती. भिंत छातीइतक्या उंचीपर्यंत लाल. मोतद्दार तिच्या डोक्याशी बसला होता आणि दोन्ही हातांनी तिचं नाक दाबून धरत होता. कोपरांपर्यंत भिजला होता.

"थांबत नाहीये," तो म्हणाला. "ताई, थांबत नाहीये हो."

ती त्याच्या शेजारी बसली. मुकीच्या बरगड्या वर आल्या. खाली गेल्या. पुन्हा आल्या, अर्ध्याच. ताई सवयीने बघत राहिली. पुढचा श्वास आला नाही.

तासाभरात गाडी येऊन घोडी घेऊन गेली. उघडून बघावी असं कुणी म्हटलं नाही. डॉक्टर संध्याकाळी परतले.

ट्रेनरने सांगितलं, घोडी मागे पडली, डोकं आपटलं, आतल्या आत फुटलं. मोतद्दाराने दोर ओढला असणार. असं होऊ शकतं, ते खोटं नव्हतं. घोडा मागे कोसळून डोक्यावर पडला की त्याच पिशवीत रक्त येतं. मोतद्दार म्हणाला, आधी रक्त आलं, मग ती बिचकली, मागे सरली, मग पडली. आधी रक्त. तो हे दिवसभर ज्याला त्याला सांगत होता. पण ट्रेनरच्या हातात कागद होता. तीन दिवसांपूर्वीचा. दोन्ही पिशव्या स्वच्छ.

त्याला खोली रिकामी करायला सांगितलं. चौकशी होईपर्यंत तबेल्यात पाऊल टाकायचं नाही.

तो पायरीवर आला. बसला नाही.

"ताई, तुम्ही आत बघितलंत. माझं सोडा, मी अडाणी. तुम्ही डोळ्यांनी बघितलंत. उजवीकडे काही होतं का? एवढंसं तरी?"

दाराच्या आत डॉक्टर होते. त्यांचे हात थांबलेले तिला दिसले.

"स्वच्छ होतं दादा," ती म्हणाली.

"बरं," तो म्हणाला. "मग बरं."

त्या संध्याकाळी नवऱ्याने घोड्याची चौकशी केली नाही. त्याला पावलांवरून कळत असे. तिने चहा केला नाही. अंधारात बसून सगळं सांगितलं.

त्याने हात लांबवून रेडिओ बंद केला.

"छापून गेलेली चूक आपण होऊन सांगायची नसते," तो म्हणाला. "आमच्याकडे नियमच होता. वाचणाऱ्याला कळत नाही."

"इथे वाचणारा घराबाहेर पडलाय."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"काही म्हणत नाहीत. आज मला बसायला खुर्ची दिली."

"बघ म्हणजे. पाच वर्षं राहिलीत तुझ्या नोकरीची. माझे डोळे असे. चौकशीत त्याच्यावर काही शाबीत होणार नाही, बघ तू. दोन महिने जातील, तो दुसऱ्या तबेल्यात लागेल. चांगल्या मोतद्दाराला कोण सोडतं?" मग थोड्या वेळाने म्हणाला, "दोन्ही फोटोंत काही खूण आहे का? कुणी ओळखेल अशी?"

"एक रेघ आहे. बारीक. दोन्हीकडे."

"रेघ," तो म्हणाला. त्याच्यातला मुद्रितं तपासणारा जागा झाला आणि त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "रेघ कुणी बघत नाही."

चौकशी तबेल्यांच्या संघाच्या ऑफिसात होती. लांबट टेबल, हिरवं कापड, तीन सभासद, कोपऱ्यात एक कारकून लिहून घ्यायला. एका बाजूला ट्रेनर. मोतद्दार भिंतीशी, स्वच्छ सदऱ्यात. तो पुतणीकडे राहत होता, तिच्या स्वयंपाकघरात झोपत होता. दाढी करताना हनुवटी कापलेली.

डॉक्टरांना विचारलं. "कागदावर सही माझी आहे," ते म्हणाले. "तपासणी मी केली."

"दोन्ही बाजू?"

"घोडी त्रास देत होती," डॉक्टर म्हणाले. "कागदावर आहे ते आहे."

मग फोटोताईला फोटो दाखवायला सांगितलं. तिने ते पडद्यावर लावले. डावा, उजवा. शेजारी शेजारी. खोलीत अंधार केला होता, म्हणून दोन्ही पिशव्या आपोआप उजळल्यासारख्या दिसत होत्या. गुलाबी, ओल्या. सभासद पुढे वाकले. अध्यक्षांनी चष्मा वर केला, खाली केला. रेघ कुणी पाहिली नाही.

"म्हणजे शीर ही," अध्यक्ष म्हणाले.

"हो."

"आणि हिच्यावर काही नाही."

"काही नाही," ती म्हणाली.

मोतद्दार उठून पडद्याजवळ आला होता. कुणी त्याला अडवलं नाही. त्याने मुकीला आतून कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो फास धरून उभा होता, पडदा त्याच्या पाठीमागे होता. तो एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे बघत राहिला.

"किती स्वच्छ आहे हो," तो म्हणाला.

"तुम्ही बसा," अध्यक्ष म्हणाले.

"नाही, मी म्हणतो, एवढं स्वच्छ आहे तर रक्त कुठून येणार?" तो त्यांच्याकडे वळला. त्याचा आवाज भांडणाचा नव्हता. तो खरोखर हिशेब जुळवत होता. "मी म्हणत होतो आधी रक्त आलं. पण हे बघून... फोटो खोटं कशाला बोलेल? मीच ओढली असेल. दोर मी जरा आखडून धरला होता. माशी होती. ती मान हलवत होती म्हणून धरला होता. तेव्हाच मागे गेली असेल. मला उलटं आठवत असेल."

"म्हणजे तुम्ही कबूल करता?"

"फोटोच आहे समोर," तो म्हणाला. "लिहून घ्या. माझ्या हातून झालं."

कारकुनाने लिहायला घेतलं. ट्रेनरने पाय लांब केले. डॉक्टर टेबलावरच्या हिरव्या कापडाकडे बघत होते.

"उजवा फोटो नाहीये," फोटोताई म्हणाली.

कुणाला नीट ऐकू गेलं नाही.

"काय म्हणालात?"

"उजव्या पिशवीचा फोटो नाहीये. हा डावाच आहे. उलटा करून लावलेला." तिने पडद्यावर बोट टेकवलं. "ही रेघ बघा. आणि इथे हीच. दोन वेगळ्या पिशव्यांत एकच रेघ कशी येईल."

त्यांनी दिवे लावले. मग पुन्हा घालवले. तिघेही पडद्याला नाक लावून उभे राहिले.

"मग उजवीकडे काय होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"माहीत नाही. कुणीच बघितलं नाही."

"डॉक्टर?"

"मी उद्या बघू म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. "फोटो कसा लागला ते मला माहीत नाही." मग त्यांनी विचारलं, "ताई, तुम्ही मला का नाही सांगितलंत?" त्यांच्या तोंडून ते अगदी खरं वाटलं. कदाचित त्यांनाही तेच खरं वाटत होतं.

कारकुनाने आधीचं खोडलं. नवं लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. "कामाच्या घाईत चुकून दोन्ही चौकटींत एकच फोटो लागला."

"चुकून काढा," ताई म्हणाली.

"अहो, तुमच्याच भल्यासाठी लिहिलंय. राहू द्या."

"चुकून नाही लागला. मी लावला. तसं लिहा."

त्याने अध्यक्षांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. त्याने तसं लिहिलं. तिने खाली सही केली.

निकाल तासाभरात आला. मोतद्दारावरचा ठपका सिद्ध होत नाही. एवढंच. त्याने काही केलं नाही असं त्यात कुठे नव्हतं. उजवीकडे बघितलंच नव्हतं, मग कसं म्हणणार? तबेल्यावरच्या त्याच्या खोलीत नवा मोतद्दार आठवड्यापूर्वीच राहायला आला होता. फोटोताईला एप्रन आणि किल्ल्या उद्या जमा करायला सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात बाक होता. मोतद्दार त्यावर बसला होता. ती समोर उभी राहिली. तो तिच्याकडे न बघता बोलला.

"पायरीवर विचारलं तेव्हा स्वच्छ म्हणालात."

"हो."

"असतं तर काय असतं तिथे?"

"बुरशी. शिरेवर धरते. हळूहळू शीर खाते. आधी थेंब येतात. मग एक दिवस फुटते."

"केवढी असते?"

"नखाएवढी असली तरी पुरते."

त्याने आपल्या अंगठ्याकडे बघितलं.

"आणि त्या दिवशी दिसली असती तर?"

तिला खोटं बोलता आलं असतं. माहीत नाही म्हटलं असतं तरी तेही खरंच होतं.

"शीर बांधतात," ती म्हणाली. "ऑपरेशन करून. सगळ्या वाचत नाहीत. बऱ्याच वाचतात."

"बऱ्याच," तो म्हणाला.

आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला. ट्रेनर जिना उतरून गेला. डॉक्टरही गेले, त्यांनी जाताना दोघांकडे बघून मान हलवली, जशी रोज हलवत असत.

"मी रोज तिचं नाक पुसायचो," मोतद्दार म्हणाला. "ओल्या फडक्याने. तिला आवडायचं. उजवी नाकपुडी पुढे करायची ती. मला वाटायचं लाडात आलीये."

तो उठला. पिशवी उचलली, सदरा झटकला.

"दादा," ती म्हणाली.

तो थांबला. वळला नाही. त्याने थोडा वेळ वाट बघितली, मग जिना उतरून गेला.